वायनरी पाहायला आलेले कुटुंब आणि द्राक्ष उत्पादकाचा हिशेब

जानेवारी ते मार्च या काळात एखाद्या शनिवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रस्त्याला उभे राहा. एमएच ०१, ०२, ०४, १२ अशा पाट्यांच्या गाड्या एकामागून एक सावरगावच्या दिशेने जाताना दिसतील. गाडीत नवरा-बायको, दोन मुले आणि बऱ्याचदा आजी-आजोबाही असतात. सकाळी त्र्यंबकेश्वर किंवा काळारामाचे दर्शन, दुपारी वायनरीत जेवण, मग दुसरी वायनरी आणि संध्याकाळी गंगापूर धरणाच्या पाण्यावर सूर्यास्त, असा त्यांचा दिवस असतो. देवदर्शन आणि वाईन एकाच दिवसात बसवणारी ही सहल आता नाशिकच्या सवयीची झाली आहे.

तुमची बाग या रस्त्यापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत असेल, किंवा तुम्ही त्या भागात कृषी विस्ताराचे काम करत असाल, तर एक गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. या सहलीत खर्च होणाऱ्या पैशातला किती भाग द्राक्ष पिकवणाऱ्यापर्यंत पोहोचतो? आजच्या रचनेत फार थोडा. जो पोहोचू शकतो, तो वाईनच्या पेल्यातून येण्यापेक्षा गाडीतल्या वाईन न घेणाऱ्या माणसांकडून येण्याची शक्यता जास्त आहे. ते कसे, हे या लेखात पाहू.

गर्दी का वाढते आहे

नाशिकमध्ये वाईन पर्यटनाची सुरुवात सुला विनयार्ड्सने केली. राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकात गंगापूर धरणाजवळ वाईन द्राक्षांची लागवड केली, २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आली आणि २००५ मध्ये लोकांना तिथेच बसून चव घेता येईल असे टेस्टिंग रूम उघडले. त्यानंतर त्याच पट्ट्यात यॉर्क, सोमा यांसारखी ठिकाणे उभी राहिली. इगतपुरीकडे सांजेगाव परिसरात वॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा, दिंडोरीत शँडन, असे आणखी पट्टे तयार झाले. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

रस्त्याचा भाग मोठा आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि कसारा घाट बोगद्याने टाळता येऊ लागला. ठाणे-भिवंडीकडून सकाळी निघून रात्री घरी परतणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. त्यामुळे मुक्कामी पर्यटकांबरोबर एका दिवसाचे पर्यटक वाढणार, हे गृहीत धरायला हरकत नाही. सिंहस्थासाठी रस्त्यांची कामेही सुरू आहेत. मात्र मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत, त्या दिवसांत वाहतुकीचे नियोजन वेगळे असेल. द्राक्ष हंगामाशी त्याची थेट गाठ पडत नाही.

वायनऱ्यांना स्वतःच्या दारात गिऱ्हाईक हवे असण्याचे आणखी एक कारण आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने १०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता. शेतकऱ्याला भाव मिळेल, असे त्याचे समर्थन केले गेले. विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय अंमलात आला नाही. मोठ्या कंपनीकडे वितरक असतात, शहरातल्या दुकानांत जागा मिळते. लहान वायनरीला ती मिळवताना दमछाक होते. तिच्यासाठी स्वतःचे टेस्टिंग रूम हेच सर्वांत भरवशाचे दुकान असते.

दुसरीकडे आयातीचा दबाव आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार ५ डॉलरपेक्षा जास्त किमतीच्या बाटलीवरचे आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्के झाले आणि दहा वर्षांत ते ५० टक्क्यांपर्यंत खाली येणार आहे. १५ डॉलरच्या वरच्या बाटलीसाठी सवलत त्याहून मोठी आहे. बाटली जहाजाने येऊ शकते, पण गंगापूर धरणाच्या काठावर बसून जेवण्याचा दिवस आयात होत नाही. वायनऱ्या पर्यटनावर पैसे का लावत आहेत, हे यावरून लक्षात येईल.

सहलीचा हिशेब मांडून पाहा

खालचे दर केवळ हिशेबासाठी धरले आहेत. त्यांच्या जागी तुमच्या करारातला दर घाला आणि पुन्हा मांडा.

एका किलो वाईन द्राक्षापासून साधारण ६०० ते ६५० मिलिलिटर वाईन मिळते. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटलीला सव्वा किलोच्या आसपास द्राक्ष लागते. करारातला दर किलोला ५० रुपये धरला, तर एका बाटलीमागे उत्पादकाला ६० ते ६५ रुपये मिळाले. बाटली ५०० रुपयांना विकली गेली काय किंवा १,५०० ला, उत्पादकाचा आकडा तोच राहतो.

टेस्टिंगचे पाहा. सहा वाईन, प्रत्येकी ३० मिलिलिटर, म्हणजे १८० मिलिलिटर. त्याला लागले सुमारे ३०० ग्रॅम द्राक्ष. आपल्या दराने १५ रुपये झाले. या अर्ध्या-पाऊण तासासाठी पर्यटक काहीशे रुपये मोजतो. त्यानंतर जेवण, मुलांसाठी पिझ्झा, टोपी, टी-शर्ट, कॉर्कस्क्रू, राहायचे असेल तर खोली. या खर्चात द्राक्षाचा भाग शून्य आहे.

यात वायनरी लबाडी करते, असे अजिबात नाही. स्टीलच्या टाक्या, शीतकरण, परवाने, कर, वाईन मुरेपर्यंत अडकून पडलेले भांडवल आणि ती न खपण्याची जोखीम हे सगळे तिच्या अंगावर असते. मुद्दा एवढाच की ‘वाईन पर्यटन वाढले म्हणजे द्राक्ष उत्पादकाचे उत्पन्न वाढले’ हे समीकरण आपोआप जुळत नाही. पर्यटनाचा पैसा ज्याचे गेट आहे त्याच्याकडे थांबतो. करारावर माल देणाऱ्याला त्याचा फायदा होतो तो आडवळणाने: आज चव घेतलेला माणूस पुढच्या वर्षी शहरात बाटली विकत घेतो, वायनरीची मागणी वाढते आणि करार टिकतात. हा फायदा खरा आहे, पण संथ आहे.

हा संथपणाच बरा, असे मानण्याला कारण आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क झाले, करसवलती मिळाल्या आणि पाहता पाहता वायनऱ्या व वाईन द्राक्षांच्या बागा वाढल्या. पिणारे मात्र त्या वेगाने वाढले नाहीत. २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधला मुंबईवरचा हल्ला यांनी हॉटेलांतला खप पडला. टाक्या भरलेल्या, नवा माल घ्यायला जागा नाही, अशी स्थिती झाली. एका बड्या कंपनीचा डोलारा कोसळला. अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि अनेकांनी बागा उपटल्या. कारण सोव्हिन्यॉ ब्लां किंवा शिराझचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा. तो ना खाण्याच्या बाजारात चालतो, ना बेदाण्याला. थॉमसनला बाजारात भाव पडला तर शेडवर टाकून बेदाणा करता येतो. वाईनच्या बागेला दुसरे दार नाही. आज रस्त्यावरची गर्दी पाहून कोणी ‘वाईनची बाग लावा’ असा सल्ला देत असेल, तर आधी लेखी करार दाखवायला सांगा.

गाडीतली बाकीची चार माणसे

आता पुन्हा त्या कुटुंबाकडे येऊ. सहा जणांपैकी टेस्टिंग करणारे फार तर दोन. गाडी चालवणाऱ्याने घेऊच नये. मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि सहा पेले सहज ती गाठू शकतात. मुलांचा प्रश्नच नाही. आजी बहुधा घेत नाहीत. ही चार माणसे दोन-तीन तास काय करतात? फोटो काढतात, कंटाळतात, आणि मग एक प्रश्न हमखास विचारतात: ‘इथे खायला द्राक्षे कुठे मिळतील?’

वायनरीत ती सहसा मिळत नाहीत. तिथल्या वेलींवरची द्राक्षे खाण्याची नसतात, तोडू नका असे फलकही असतात. द्राक्षांच्या गावात येऊन मुलांनी घड हातात न घेताच परत जावे, हे विचित्र आहे, पण होते तसेच. वास्तविक जानेवारी ते एप्रिल हा खाण्याच्या द्राक्षांचाही हंगाम. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस, नानासाहेब पर्पल, क्रिमसन उभी असतात. द्राक्ष उत्पादकासाठी जागा आहे ती इथे.

यात वाईन बनवण्याचा, विकण्याचा किंवा तिच्याशी कसलाही संबंध ठेवण्याचा प्रश्न येत नाही. वारकरी घरातल्या, दारूच्या धंद्याजवळही जायचे नाही असे ठरवलेल्या शेतकऱ्यालाही हे करता येते. खरे तर नाशिककरांनी याचा एक नमुना आधीच घालून दिला आहे. द्राक्षबागेच्या मांडवाखाली, शेजारी पाट्या-बाके टाकून चुलीवरची मिसळ देणारी ठिकाणे शहराच्या आसपास किती झाली, ते मोजा. तिथे येणारा माणूस मिसळीसाठी येतो, पण बागेत बसायला मिळते म्हणून त्याच ठिकाणी परत येतो.

थेट विक्रीचा हिशेब मात्र फुगवून करू नका. समजा, तीन एकर खाण्याच्या द्राक्षांची बाग आहे आणि माल ३० टन निघतो. हंगामातले दहा शनिवार-रविवार, म्हणजे वीस दिवस स्टॉल लावला, दिवसाला ३० कुटुंबे थांबली आणि प्रत्येकाने दोन किलो घेतली. विक्री झाली १,२०० किलो. व्यापाऱ्याचा जागेवरचा दर ३५ आणि स्टॉलचा ८० रुपये धरला तर किलोमागे ४५ रुपये जास्त, एकूण ५४,००० रुपये. त्यातून एका माणसाची वीस दिवसांची मजुरी, खोकी, पिशव्या, फलक हे वजा करा. ३५ ते ४० हजार हातात राहतील. एकूण मालाच्या चार टक्केच विकला गेला. यावर कर्ज फिटत नाही. पण डिपिंग-विरळणीच्या मजुरीचा काही भाग निघतो आणि तोही रोख. २०२५ सारख्या वर्षी, जेव्हा मे महिन्यापासूनच पाऊस लागला, काडीला ऊन मिळाले नाही आणि पुढे अनेक बागांत घडच कमी निघाले, तेव्हा असा रोखीचा आधार लहान म्हणून सोडून देता येत नाही.

ताज्या द्राक्षांचा हंगाम संपला तरी बेदाणा, मनुका, द्राक्षाचा रस वर्षभर चालतात. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरी-त्र्यंबक भागात पावसाळी पर्यटकांची गर्दी असते. त्या वेळी बाग हिरवीगार असते, पण घड नसतो. फलकावर ‘द्राक्षबाग पाहा’ एवढेच लिहून लोकांना आत बोलावले तर त्यांची निराशा होते. त्या काळात जेवण, मक्याचे कणीस, बेदाणा विका. घड कधी येतात, तेही सांगा. खरड छाटणी आणि फळ छाटणी म्हणजे काय, वर्षातून दोनदा वेल का छाटावी लागते, हे ऐकायला शहरातल्या लोकांना आवडते. मुलांना तर जास्तच.

बागेत माणसे येणार तर फवारणीचे काय

हा भाग उत्साहात मागे पडतो, म्हणून नीट वाचा.

पर्यटक घड तोडून तिथल्या तिथे तोंडात टाकतो. धुवायला थांबत नाही. त्यामुळे ज्या ओळींत लोकांना सोडायचे, तिथे प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी म्हणजेच पीएचआय पूर्ण झालेला असलाच पाहिजे. संपूर्ण बाग उघडू नका. रस्त्याकडच्या कडेच्या तीन-चार ओळी वेगळ्या धरा, त्यांची फवारणी नोंद वेगळी ठेवा आणि त्यांच्यासाठी शेवटच्या टप्प्यातला कार्यक्रम आधीच ठरवा. भुरी किंवा केवड्यासाठी शेजारच्या ओळींत फवारणी करावी लागली तर वाऱ्याने औषध या ओळींवर उडणार, हे लक्षात ठेवा. त्या शनिवारी फलक उलटा करून ठेवलेला बरा.

निर्यातीसाठी नोंदणी केलेल्या प्लॉटमध्ये पर्यटकांना अजिबात नेऊ नका. हात लागला की मण्यांवरचे पांढरट मेणाचे आवरण जाते, घडाचा दर्जा उतरतो आणि उर्वरित अंशांच्या तपासणीत काही आढळले तर कारण शोधणेही अवघड होते. मुले असतील तर शेततळ्याला कुंपण, विजेच्या मोटारीचा डबा बंद, ब्लोअर आणि औषधांची खोली कुलपात. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला की मोठ्या माणसालाही बाहेर येता येत नाही, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. पाहुण्यांना मात्र ते माहीत नसते.

वायनरीशी करार असेल तर

वाईन द्राक्षे देणाऱ्या शेतकऱ्याने पर्यटनाच्या आधी करारातल्या मूळ कलमांकडे पाहावे. दर साखरेवर, म्हणजे ब्रिक्सवर ठरतो. मग नमुना कोण घेणार, कोणत्या ओळींतून, तुमच्या समोर की मागे? काढणीची तारीख वायनरी ठरवते. तिच्या टाकीत जागा नाही म्हणून काढणी आठवडाभर लांबली, मणी सुकले, साखर वाढली पण वजन घटले, तर तोटा कोणाचा? अनेक करारांत याचे उत्तर लिहिलेले नसते. चांगल्या प्रतीसाठी एकरी उत्पादन मुद्दाम कमी ठेवायला सांगितले जाते. तसे असेल तर दरात त्याची भरपाई आहे का? पैसे किती दिवसांत, किती हप्त्यांत? २००९ नंतरचा अनुभव पाहता हे शेवटचे कलम सर्वांत आधी वाचा.

यानंतर पर्यटनाचे कलम. हंगामात वायनऱ्या पाहुण्यांसाठी द्राक्ष तुडवण्याचे कार्यक्रम आणि बागेतला फेरफटका ठेवतात. तो फेरफटका तुमच्या प्लॉटमधून जाणार असेल तर माणशी किंवा दिवसाला ठरलेला मोबदला मागा. तुडवण्यासाठी लागणारी द्राक्षे वाईनच्या प्रतीची असण्याची गरज नसते, फेटाळलेला किंवा कमी साखरेचा माल त्यासाठी ठरलेल्या दराने घ्यावा, असे सुचवता येईल. वायनरीच्या दुकानात तुमच्या गटाच्या बेदाण्याला एक फळी मिळाली तरी ती गेटाच्या आतली जागा आहे. एकट्या शेतकऱ्याचे ऐकले जाणार नाही. पाच-दहा पुरवठादार किंवा उत्पादक कंपनी एकत्र गेली तर बोलणे होते.

वायनऱ्यांना व्हॅटचा परतावा देणारी राज्याची योजना आहे. २० टक्क्यांपैकी १६ टक्के परत मिळतात आणि काही काळ थांबल्यानंतर ती पुन्हा सुरू झाली. या सवलतीचे समर्थन शेतकऱ्याच्या नावाने होते. मग ती देताना पुरवठादार शेतकऱ्यांची देणी वेळेत भागवल्याचा दाखला मागितला जावा, अशी मागणी द्राक्ष बागायतदारांनी करणे रास्त आहे.

परवानगीच्या दोन-तीन गोष्टी

घरी वाईन करून पाहुण्यांना ‘चव घ्या’ म्हणणे महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती मोफत दिलेली का असेना. पाहुण्यांनी वायनरीतून आणलेली बाटली तुमच्या मांडवाखाली उघडू देणेही टाळा. ताजा रस चालतो, आंबलेला नाही. उन्हात दोन दिवस ठेवलेला रस आपोआप आंबतो, तेव्हा रस रोजचा रोज काढून थंड ठेवा. खाद्यपदार्थ विकण्यासाठी अन्नसुरक्षा नोंदणी घ्यावी लागते.

निवास, जेवण, शिवारफेरी अशी सोय करायची असेल तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. वैयक्तिक शेतकऱ्यासाठी किमान एक एकर शेती लागते. खोल्या बांधण्याआधी धोरणातल्या अटी संचालनालयाकडून आणि तहसील कार्यालयातून समजून घ्या. आणि पहिल्याच वर्षी कर्ज काढून कॉटेज बांधू नका. एक हंगाम फक्त स्टॉल आणि चार ओळी एवढ्यावर काढा. किती गाड्या थांबतात, किती निघून जातात, लोक काय मागतात, ते वहीत लिहा. पार्किंगला जागा आणि बायकांसाठी स्वच्छ शौचालय, हे दोन खर्च मात्र टाळता येणारे नाहीत. कुटुंब कुठे थांबणार, हे बहुतेक वेळा शौचालयावर ठरते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक काम सुचवावेसे वाटते. आपल्या भागातल्या वायनरीपासून पाच किलोमीटरमधल्या बागांची यादी करा: कोणत्या जातीची, फळ छाटणी कधी झाली, काढणी कोणत्या आठवड्यात. छाटण्या सप्टेंबर ते नोव्हेंबरपर्यंत मागे-पुढे होतात, त्यामुळे गावात दर आठवड्याला कोणती ना कोणती बाग पिकलेली असते. ही यादी असेल तर या शनिवारी कोणाच्या ओळी उघडायच्या, हे गटाला ठरवता येते. एकाच बागेवर पंधरा शनिवारांचा भार पडत नाही. यादी वायनरीच्या स्वागतकक्षात दिलीत तर ‘द्राक्षे कुठे मिळतील’ या प्रश्नाला तिथल्या मुलांकडेही उत्तर असेल.

येत्या हंगामासाठी हे करायचे असेल तर ओळी फळ छाटणीच्या वेळीच निवडा, म्हणजे त्यांचे फवारणी वेळापत्रक पहिल्या दिवसापासून वेगळे राहील. फलक, वजनकाटा आणि खोक्यांची तयारी डिसेंबरअखेर झालेली असावी, कारण शनिवार-रविवारची मोठी गर्दी जानेवारीपासून सुरू होते.